न मारलेली फेरी

दुलामसुरेनला गाड्यांची हौस कधीच नव्हती. तिचा जीव उंटांवर. दक्षिण गोबीच्या वाळवंटात, सरहद्दीपासून दीड दिवसाच्या वाटेवर तिच्या बापाचा तळ असे, आणि सात वर्षांची झाल्यापासून विहिरीतून बादल्या ओढून उंटांना पाणी पाजणं हे तिचं काम. एकेक उंट दहा-दहा बादल्या रिचवायचा आणि त्याच्या मागे चाळीस जण मान लांब करून उभे. संध्याकाळी हात खांद्यातून निखळल्यासारखे व्हायचे. पण बापाला सांगायची सोय नव्हती, कारण बाप तिच्याहून जास्त दमलेला असे. दमलं तरी बोलायचं नाही, ही सवय तिला तिथंच लागली आणि ती पुढं तिला महागात पडली.

पुंत्सागशी लग्न झालं तेव्हा दोघांच्या मिळून तीनशे शेळ्या आणि सोळा उंट होते. निंजिन नावाची मुलगी झाली. बरं चाललं होतं. मग तो पांढरा हिवाळा आला. आधीचा उन्हाळा कोरडा गेलेला. जनावरांच्या अंगावर मांस नव्हतंच. त्यात बर्फ पडलं, जरा वितळलं आणि पुन्हा गोठलं. कुरणावर काचेसारखा थर बसला. शेळ्या खुरांनी उकरून उकरून थकल्या आणि उभ्या उभ्या मेल्या. वसंतात बत्तीस उरल्या. पुंत्साग गेरच्या, म्हणजे त्यांच्या गोल तंबूच्या, दारात पाठ टेकून बसायचा आणि कुणी काही विचारलं तर नुसतं हूं म्हणायचा.

तेव्हा शगदारमामा धावून आला. शगदार हा पुंत्सागच्या आईचा भाऊ, कोळशाच्या खाणीत पाळीचा मुकादम.

"मोठ्या डंपरवर बायका घेतायत," तो चहाचा वाडगा हातात धरून म्हणाला. "बायका टायर कमी फाडतात, आणि सकाळी तोंडाला वास येत नाही. पुंत्साग, तू राख उरलेल्या शेळ्या. हिला पाठव."

"मला सायकलसुद्धा येत नाही, मामा," दुलामसुरेन म्हणाली.

"उंट येतो ना? मग झालं. डंपर निदान थुंकत तरी नाही."

त्या दिवसांत त्या गेरमध्ये कुणी हसलं असेल तर ते तेवढंच.

अशी ती छत्तिसाव्या वर्षी खाणीत आली. डंपर पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा तिला वाटलं, ही काय गाडी आहे की दोन मजली घर! चाकच दोन पुरुष उंच. वर केबिनपर्यंत जायला सतरा पायऱ्यांची लोखंडी शिडी. वर बसलं की डाव्या बाजूचं बरंचसं दिसतं, समोरचं वीस पावलांपलीकडचं दिसतं, आणि उजव्या बाजूला तर अख्खं लग्नाचं वऱ्हाड उभं केलं तरी दिसायचं नाही. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी हेच दाखवलं. तिला वर बसवलं आणि विचारलं, "खाली किती माणसं?" ती म्हणाली, "कुणी नाही." मग खाली उतरवलं. उजव्या चाकाशी अकरा जण बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.

म्हणून नियम. गाडी थांबवून उतरलात, तर पुन्हा चढण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची. खाली काही, कुणी नाही ना, तेल गळत नाही ना, चाकात दगड अडकला नाही ना, बघायचं. मग चढायचं. इंजिन सुरू करताना एक भोंगा. पुढं जाताना दोन भोंगे, दहापर्यंत आकडे मोजायचे, मगच ब्रेक सोडायचा. मागे जाताना तीन. माती ओतायला जाल तेव्हा कड्याच्या बांधावर भरवसा ठेवायचा नाही. बांध अंदाज घ्यायला आहे, चाक टेकवायला नाही. भरलेली गाडी उतारावर पुढच्या गाडीपासून पन्नास पावलं सोडून चालवायची. डोळा लागतोय वाटलं तर रेडिओवर सांगायचं आणि गाडी कडेला घ्यायची.

यातलं शेवटचं कुणी करत नसे.

चौदा दिवस काम, चौदा दिवस घर. कामाचे चौदा दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सात. शॉवेलखाली, म्हणजे गाडी भरणाऱ्या यंत्राखाली, उभं राहायचं, चार खोरी पडली की निघायचं, चढ चढायचा, ओतायचं, परत यायचं. दिवसाला तीस-बत्तीस खेपा. तोच रस्ता, तीच वळणं, तीच धूळ. घरी गेल्यावर पहिले तीन दिवस ती झोपेत पायानं ब्रेक दाबत असे, पुंत्साग म्हणायचा, "अगं, थांबली गाडी, थांबली." निंजिन शाळा संपवून उलानबातरला शिकायला गेली. शेळ्या पुन्हा दीडशेवर गेल्या. बारा वर्षांत दुलामसुरेनच्या गाडीला ओरखडा म्हणून गेला नाही. तिच्या शिरस्त्राणावर बिनअपघाती वर्षांच्या बारा हिरव्या पट्ट्या होत्या, आणि नव्या पोरी तिला दुलमाताई म्हणून दबकून असत.

झिजलं होतं ते तिचं शरीर. उजवा गुडघा आधी चढताना दुखायचा, मग उतरताना, मग पडल्या पडल्याही. त्यात राहायच्या खोलीचा पत्रा वाऱ्यानं रात्रभर वाजे. झोप चार तास लागली तरी पुष्कळ. रोज सकाळी फाटकावर दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकर मारायची आणि एका कागदावर लिहायचं : काल किती तास झोपलात? सगळे लिहीत, आठ. तीही लिहायची, आठ. गोबीत कुणी विचारलं, जनावरं धष्टपुष्ट ना, तर निम्मा कळप मेलेला असला तरी माणूस म्हणतो, धष्टपुष्ट. तसंच ते.

तो एप्रिल महिना होता, पाळीचा बारावा दिवस. वारा सकाळपासून सुटलेला. दुपारी अडीचला चहाची सुट्टी झाली. पाच डंपर थांब्यावर ओळीनं उभे केले. दुलमाची गाडी एकवीस नंबरची, तिच्या उजवीकडे एकोणीस नंबर. सुट्टी अर्ध्या तासाची. पण खाली शॉवेल रिकामं उभं होतं आणि कोळसा कमी पडत होता, म्हणून शगदारनं वीस मिनिटांतच रेडिओवर हाक दिली.

"चला, चला! चहा काय घरच्या दुधाचा आहे का? उचला गाड्या!"

दुलमा बाकावरून उठली तेव्हा गुडघ्यातून कळ थेट मांडीत गेली. ती गाडीच्या डाव्या बाजूनं चालत आली, मागचं चाक पाहिलं, पुढचं पाहिलं. फेरी पुरी करायची तर गाडीच्या नाकासमोरून पलीकडे जायचं, उजव्या बाजूनं वाऱ्याच्या तोंडावर चालत मागं जायचं आणि फिरून यायचं. चार मिनिटांचं काम. तिनं शिडीला हात लावला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. सतरा पायऱ्या चढायच्याच होत्या अजून. आज सकाळपासून तिनं तीनदा फेरी मारली होती, आणि एकदाही तिथं काही नव्हतं. ती चढली.

केबिनमध्ये उजव्या बाजूचा कॅमेरा होता, पण त्याच्या काचेवर सकाळपासून धूळ बसलेली. पडद्यावर नुसतं पिठलं. तिनं एक भोंगा दिला, इंजिन सुरू केलं. तपासणीच्या कागदावर फेरीच्या चौकटीत खूण केली. दोन भोंगे दिले, दहा आकडे मोजले. ब्रेक सोडला. गाडी पुढं सरकली.

चाकाखाली डोक्याएवढा दगड आला तर गाडी जेवढी हलते, तेवढीही ती हलली नाही.

"एकवीस थांब! थांब! थांब!"

रेडिओवर कोण ओरडतंय हे तिला कळलं नाही, पण पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, पिकअप! पिकअप आहे खाली!" मग शगदारचा आवाज आला, आणि तो आवाज तिनं बारा वर्षांत कधी ऐकला नव्हता. "कोण होतं त्यात? पिकअप कुणाची? सगळ्यांनी आपापली नावं सांगा. एकेक करून. लवकर!"

नावं येऊ लागली. एकोणीस नंबर, हजर. चोवीस, हजर. शॉवेल, हजर. ती पिकअप दुरुस्तीवाल्या ओचिरची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ओचिरचं नाव येत नव्हतं. दुलमाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते तिला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती : मी त्या बाजूला गेले नव्हते. मी गेले नव्हते. चाळीस सेकंद झाली असतील, फार तर पन्नास. तेवढ्या वेळात ती खुनी होती. पुढं कुणी काहीही सांगितलं तरी ती चाळीस सेकंदं तिच्या आयुष्यातून वजा झाली नाहीत.

मग रेडिओवर खोकला आला. "मी... ओचिर. मी इकडं आहे. एकोणीसच्या मागं. इंजिनात डोकं होतं, रेडिओ गाडीत राहिला. हा एकोणीसवाल्यांचा घेतलाय." थोडं थांबून तो म्हणाला, "माझी गाडी कुठाय?"

कुणीतरी हसलं, आणि मग पुष्कळ जण हसले. रडायचं ते हसण्यातून बाहेर पडावं, तसं ते हसणं होतं. दुलमाला खाली उतरवायला दोघांना वर चढावं लागलं.

पिकअपची उंची गुडघ्याएवढी राहिली होती.

घडलं होतं ते असं. एकोणीस नंबरचं पाणी गळत होतं. शगदारनं ओचिरला रेडिओवर दोनदा हाकारलं होतं, सुट्टी संपायच्या आत झालं पाहिजे म्हणून. ओचिर तिशीतला, हुशार, घाईचा. पिकअप पन्नास पावलं लांब ठेवायची आणि डंपरवाल्यांना रेडिओवर कळवायचं, हा नियम. त्यानं ती दोन डंपरांच्या मधे, एकवीसच्या पुढच्या उजव्या चाकाशी घातली आणि अवजारं घेऊन धावला. कुणाला काही कळवलं नाही.

चौकशीला सुरक्षा खात्याची उंद्राल आली. राजधानीची मुलगी, चष्मा, वही. ती चढ्या आवाजात बोलत नसे, म्हणून माणसं तिला जास्त घाबरत.

"चढण्याआधी फेरी मारलीत?" तिनं विचारलं.

"मारली," दुलमा म्हणाली.

शब्द तिनं उच्चारला असं नव्हे. तो आपणहून बाहेर पडला. जनावरं धष्टपुष्ट ना? धष्टपुष्ट. उंद्रालनं लिहून घेतलं.

निकाल लागेपर्यंत दोघांनाही कामावरून दूर ठेवलं. दुलमाला घरी जाता येईना. चौकशी संपेपर्यंत छावणीतच राहायचं होतं. आणि छावणी दिवसा कशी असते हे तिनं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. खोलीत जावं तर तिथं खांद झोपलेली. खांद रात्रपाळीची, दोघी एकाच खोलीत राहायच्या आणि चौदा दिवसांत एकमेकींना भेटायच्या ते फक्त दारात, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना.

"बस की गं खोलीत, मला काही होत नाही," खांद उशीत तोंड खुपसूनच म्हणाली.

"तू झोप. तुला रात्री गाडी चालवायचीय."

"तू श्वास जरी घेतलास तरी मला जाग येते, ते खरंय," खांद म्हणाली आणि कुशीला वळली.

म्हणून दुलमा भटारखान्याच्या मागच्या बाकावर बसू लागली. तिथं वारा कमी लागे. आतून कांदा आणि मटणाच्या चरबीचा वास येई. त्या दिवशी दुपारी खुशूर होते, मटण भरून चपटे तळलेले. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "दुलमाताई, तुमच्या हातचा खुशूर बघितला काल! कंपनीची अख्खी पिकअप भरली होती म्हणे सारणात!" सगळे हसले. तीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव खुशूरताई पडलं, आणि ते पुढं कायम राहिलं.

दुसऱ्या दिवशी शगदार बाकाशी आला. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "घाबरू नकोस. सगळं त्या पोराच्या अंगावर आहे. त्यानं गाडी नको तिथं घातली, कळवलं नाही. तुझं काही वाकडं होत नाही."

"मामा, मी फेरी..."

"तू फेरी मारलीस." त्यानं तिला पुढं बोलू दिलं नाही. "कागदावर खूण आहे. तू फेरी मारलीस, वर चढलीस, मग त्यानं गाडी घातली. एवढंच."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तोही बासष्टीला टेकलेला माणूस, दिवसभर रेडिओवर ओरडायचा आणि संध्याकाळी वरच्यांची ओरड खायचा. त्याला सगळं माहीत होतं हे तिला कळलं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही.

"त्याचं काय होईल?" तिनं विचारलं.

"काढतील. तरणा आहे, मिळेल कुठंतरी." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "दुलमा, हे उकरलंस तर ते विचारतील, सुट्टी वीस मिनिटांत का संपवली. मला दोन वर्षं राहिलीत. तुला इथं कोणी आणलं ते विसरू नकोस."

ती विसरली नव्हती. तीच तर अडचण होती.

तिसऱ्या दिवशी बाकावर आधीच कुणीतरी बसलं होतं. ओचिर. ती परत फिरणार, तेवढ्यात तो उठून उभा राहिला, वडीलधाऱ्यांसमोर उभं राहतात तसा.

"बसा ना, ताई. मी जातो."

"बस तू पण. बाक लांब आहे."

दोघं दोन टोकांना बसले. मग तो आत गेला आणि दुधाच्या चहाचे दोन वाडगे घेऊन आला. एक दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला, आणि तिनं घोट घेतला.

"ताई, मला माफ करा," तो म्हणाला.

"काय?"

"तुमची बारा वर्षं माझ्यामुळे वाया जात होती. तुम्ही फेरी मारून वर चढलात, आणि मी गाढवासारखी गाडी आणून घातली. मी रोज हिशेब लावतोय, तुम्ही कधी चढलात आणि मी कधी आलो. मला वाटत होतं मी आलो तेव्हा वर कुणी नव्हतं. इंजिनं बंद होती. पण मला कसं कळणार, मी तर मान खाली घालून पळत होतो." त्यानं मान हलवली. "बायको म्हणते, तू जिवंत आहेस ना, मग पुरे. पण मला झोपच लागत नाही. मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की नको, तेच कळेना."

त्यानं खिशातून रुमाल काढला. त्यात वाळवलेल्या दह्याचे तुकडे होते. "आईनं पाठवलेत. घ्या. आंबट आहेत पण चांगले आहेत."

दुलमानं एक तुकडा तोंडात टाकला. तो दगडासारखा कडक होता. तिनं तो गालात धरून ठेवला. चावायचं बळ आलं नाही, थुंकायची तर सोयच नव्हती. हा माणूस तिची माफी मागत होता. त्यानं जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. वर कुणी नव्हतं, ती अजून चहाच्या बाकावर होती. आणि तो स्वतःला वेडा ठरवत बसला होता.

"तुझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली आणि उठली.

"काय म्हणालात?"

"चहा पी. गार होतोय."

उंद्रालच्या खोलीपर्यंतचं अंतर तीनशे पावलांचं असेल. गुडघा ठणकत होता. मधे एकदा ती थांबली, ते गुडघ्यासाठी की दुसऱ्या कशासाठी, तिला सांगता आलं नसतं. दार उघडंच होतं.

"मी फेरी मारली नाही," ती दारातूनच म्हणाली. "डावीकडून आले आणि चढले. उजवीकडे गेले असते तर ती पिकअप मला दिसली असती. नाकासमोर होती."

उंद्रालनं पेन खाली ठेवलं. "बसा. का नाही मारली?"

"गुडघा दुखत होता. दमले होते."

"आदल्या रात्री किती झोपला होतात?"

"कागदावर आठ आहे."

"कागद राहू द्या."

"चार. त्याच्या आदल्या रात्री साडेतीन असेल."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?" उंद्रालचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. "आम्ही रोज विचारतो!"

"तुम्ही कुठं विचारता, पोरी," दुलमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग यायला सुद्धा अंगात काही उरावं लागतं. "कागद विचारतो. कागदाला सगळे आठ सांगतात. जाऊन बघ, त्या गठ्ठ्यात एक जरी सात सापडला तर. अडीचशे माणसं, आणि सगळी आठ तास झोपतात. वाऱ्यात. पत्र्याखाली."

उंद्रालनं आधीचा कागद बाजूला सारला. मग तिनं नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. सुट्टी किती वाजता संपवली, हेही तिनं विचारलं. दुलमानं सांगितलं. मामाचं नाव घेताना तिची जीभ अडखळली, पण घेतलं.

निकाल आठ दिवसांनी लागला. ओचिरला काढलं नाही. सहा महिने गाडी चालवायला बंदी, कारखान्यातच बसून दुरुस्ती करायची. शगदारला मुकादमीवरून उतरवून गोदामात घातलं. दुलमाच्या शिरस्त्राणावरच्या बारा हिरव्या पट्ट्या काढून घेतल्या, डंपर काढून घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवणीला बसवलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलींबरोबर ती महिनाभर बाकावर बसली. शिकवणारा तिच्याच हाताखाली शिकलेला. तो फळ्यावर डंपरचं चित्र काढायचा, उजव्या बाजूला रेघोट्या ओढायचा आणि तिच्याकडे न पाहता म्हणायचा, "इथलं दिसत नाही." मुली मात्र मान वळवून तिच्याचकडे बघायच्या.

झोपेचा कागद बंद झाला. त्याऐवजी पाळीच्या बसमध्ये एक परिचारिका येऊन प्रत्येकाशी दोन शब्द बोलू लागली. काही महिने तिनं चांगलं केलं. मग तिच्याही मागं घाई लागली.

ओचिरनं आभार मानले नाहीत. तो रागावला होता, आणि तिला ते पटत होतं. एकदा भटारखान्यात ताट घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. "तीन दिवस, ताई," तो म्हणाला. "तीन दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो. आणि तुम्ही माझा चहा प्यायलात."

"प्यायले," ती म्हणाली. तो दुसऱ्या मेजाकडे गेला.

घरी पुंत्साग दोन दिवस बोलला नाही. मग शेळीचं दूध काढता काढता म्हणाला, "खरं बोललीस ते बरंच केलंस. पण मामासमोर मी कुठलं तोंड घेऊन जाऊ?"

"हेच घेऊन जा. दुसरं कुठं आहे?"

पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाला दोघं मामाकडे गेले. न जाऊन भागणारं नव्हतं. शगदार आसनावर बसला होता. दुलमानं रीतीप्रमाणे आपले हात त्याच्या हातांखाली धरले आणि त्यानं तिच्या गालाशी नाक नेऊन वास घेतला. रीतीपेक्षा जास्त नाही, रीतीपेक्षा कमीही नाही. मग तपकिरीची कुपी तिच्या नवऱ्याला दिली आणि हवापाण्याचं बोलू लागला. मामीनं मात्र तिला आत बोलावून वाफवलेले मोमोसारखे बूझ आग्रहानं वाढले आणि कानाशी म्हणाली, "गोदामात त्याला झोप लागते हल्ली. पण त्याला सांगू नकोस मी बोलले."

डंपर तिला पुन्हा मिळाला नाही. गुडघा तपासल्यावर डॉक्टरांनी सतरा पायऱ्यांची शिडी बंद केली. तिला पाणी मारायची गाडी दिली. पाच पायऱ्या, दिवसभर खाणीचे रस्ते भिजवत फिरायचं. पाणी कमी मारलं तर धुळीत समोरचं दिसत नाही म्हणून डंपरवाले रेडिओवर शिव्या घालतात. जास्त मारलं तर उतारावर चाकं घसरतात म्हणून घालतात. "खुशूरताई, रस्ता भिजवताय की सूप करताय?" असं कुणी विचारलं की ती उत्तर देते, "चमचा घेऊन ये." आधी शिव्या, मग थट्टा, मग पुन्हा शिव्या. चार वर्षं झाली.

पाळीचा चौदावा दिवस संपला की बस त्यांना गावापर्यंत सोडते. फाटक ओलांडण्याआधीच तिचा डोळा लागतो. परवा चालकानं खांदा हलवून उठवलं तेव्हा बस रिकामी झाली होती. खाली पुंत्साग मोटारसायकल घेऊन उभा होता, टोपी कानांवर ओढून.

"कधीचा उभाय?" तिनं विचारलं.

"झाला थोडा वेळ. तुला उठवू नको म्हटलं त्याला. पण त्याला पुढं जायचं होतं."

तिनं दुखरा पाय हातानं उचलून पलीकडे टाकला आणि मागं बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"धरलंस?" त्यानं विचारलं.

"धरलं. हळू चालव."

गावाबाहेर पडल्यावर त्यानं उंटिणीला पिल्लू झाल्याचं सांगितलं. आई त्याला जवळ घेत नाही म्हणाला, उद्या तिला गाणं म्हणून वळवावं लागेल. ती हूं म्हणाली. थोड्या वेळानं तिचं डोकं त्याच्या पाठीवर टेकलं, आणि त्यानं गाडी आणखी हळू केली.